काठावरचे उभे बांबू

आमच्या नदीला सरकारी कागदावर नाव आहे म्हणतात. आम्ही तिला नुसतं नदी म्हणायचो. अंबडच्या वरच्या अंगाला टेकड्या आहेत, तिथं एका कातळाखालून ती निघते. उगमावर एवढीशी, की शेळी आडवी उभी राहिली तर तिचे चारी पाय कोरडे राहतात. तिथून दहा-बारा गावांच्या शिवेतून वळत-मुरडत ती घनसावंगीच्या पुढं गोदावरीला मिळते. काठानं चाललं तर दोन दिवसांची वाट. उन्हाळ्यात म्हैस बसायलाही पाणी नसायचं, आणि भादव्यात वर टेकडीला ढग फुटला की खाली आमच्याकडं लख्ख ऊन असताना ती अंगावर यायची. बाभळी, कडब्याच्या गंजी, शेरडं, जे हाताला लागेल ते ओढत न्यायची. माणसंही न्यायची.

माणसांचं सांगतो. तेच सांगायला बसलोय.

पुरात वाहून आलेलं प्रेत आपल्या शिवेत अडकलं, तर ते बाहेर काढायचं नाही, पुढं लावायचं, असा आमच्या नदीकाठचा रिवाज होता. कुठं लिहिलेला नव्हता, पण बारा गावांत पाळला जायचा. बाहेर काढलं की पोलीस येणार, पंचनामा होणार, ज्यानं काढलं त्याचा जबाब, मग सहा महिने तालुक्याला खेटे. कामाच्या दिवसांत हा ताप कोणाला हवा? म्हणून लांब बांबू घ्यायचा, प्रेत झुडपातून सोडवायचं आणि धारेला लावून द्यायचं. खालच्या गावाचं खालचं गाव बघेल. त्यात दोन गोष्टी पाळायच्या. एक, मेलेल्याचं तोंड बघायचं नाही. बघितलं की ओळख लागते, आणि ओळख लागली की जबाब आलाच. दुसरी, तो बांबू घरी आणायचा नाही. पाच दिवस काठावर उभा रोवून ठेवायचा, मग धुऊन न्यायचा.

अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. पोळा होऊन पंधरवडा झाला असेल. मी तेविशीत होतो. डोकं तापट, आजही तापटच आहे, पण तेव्हा हातही लगेच उठायचा. सकाळी काका आले. काका म्हणजे माझे चुलते, गावचे पोलीस पाटील. म्हणाले, "खालच्या घाटाला एक अडकलाय बेशरमाच्या झुडपात. चल, तुझा हात लांब हाय." गोठ्याच्या वळचणीला आमचा एक जुना बांबू होता, टोकाला चिरलेला. तो घेतला आणि गेलो. वाटेत आणखी दोघं सोबत झाले.

पाणी गढूळ, वेगात. बेशरमाच्या झाळीत एक जण पालथा पडलेला, हात पुढं, डोकं पाण्यात. अंगात तपकिरी पट्ट्यांचा शर्ट. मी कमरेएवढ्या पाण्यात उतरलो आणि बांबू त्याच्या बरगडीला लावला. निघेना. शर्ट फांदीत अडकलेला. मागून काका म्हणून राह्यले होते, जल्दी कर, जल्दी. मला राग आला. त्या मेलेल्या माणसाचा राग. एवढी बारा गावं सोडून आमच्याच झाळीत कशाला मेलास, असं मी मोठ्यानं म्हणालो आणि बांबू सगळ्या जोरानिशी खुपसला. काहीतरी आत गेल्याचं हाताला कळलं. शर्ट फाटला, तो एकदा कुशीवर वळल्यासारखा झाला, मी तोंड फिरवलं, आणि तो धारेला लागला.

बांबू काठावर रोवला, अंघोळ केली, घरी जाऊन भाकरी खाल्ली. चांगल्या दोन भाकरी खाल्ल्या, हे मी विसरू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या वहिनीचा भाऊ दारात येऊन उभा राहिला. वहिनी बाळंतपणाला माहेरी होती. तिचं माहेर म्हणजे उगमाजवळचं, नदीवरचं पहिलंच गाव. परवा तिथं लेकराचं बारसं झालं होतं आणि माझा मोठा भाऊ, दादा, त्यासाठी तिकडं गेल्ता. आम्हाला वाटलं, राहिला असेल सासरवाडीला चार दिवस. वहिनीच्या भावाच्या हातात चिखलानं भरलेली एक पिशवी होती. तिच्यात बारशाच्या घुगऱ्या होत्या, फुगून आंबलेल्या.

"दाजी पोचले का?" त्यानं विचारलं.

माझी माय चुलीपुढून उठून आली. तिनं पिशवीकडं बघितलं आणि भिंत धरली. तो सांगायला लागला. परवा दुपारी जेवण करून दाजी पायीच निघाले. थांबा म्हणलं तर थांबले न्हाईत. मागून ढग फुटला. आज सकाळी ही पिशवी नदी ओलांडायच्या उताराखाली बाभळीला सापडली.

मी विचारलं, "अंगात काय होतं त्याच्या?"

"आम्ही आहेर केल्ता. नवा शर्ट होता, तपकिरी पट्ट्याचा. लई नको नको म्हणले, पण सासूनं घालायला लावला."

दादानं जन्मात रंगीत शर्ट घातला नव्हता. पांढरा सदरा सोडून दुसरं काही त्याच्या अंगाला मी पाहिलेलं नाही. मी दारातून बाहेर गेलो. काका दारासमोरच्या पारावर बसून सगळं ऐकत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांना कळलं. मान हलवून त्यांनी एवढंच सुचवलं, की बोलू नको.

मायनं ना रडारड केली ना छाती पिटली. ती मला म्हणाली, "मला त्याचं तोंड दाखव. तोंड बघितल्याशिवाय मी सुनेचं कुंकू पुसू देणार न्हाई आन् अन्नाला शिवणार न्हाई. गोदावरीत जायच्या आत त्याला आण. गोदावरीत गेला तं तूबी येऊ नको."

गोदावरीत गेलेला माणूस परत मिळत नाही, हे आमच्याकडं लहान पोराला पण माहीत असतं. पूर असला की ती नांदेड नाही, तेलंगण नाही, कुठवर नेईल सांगता येत नाही. माझ्याकडं नदी संपेपर्यंतचा वेळ होता. उगमापासून आमच्या घाटापर्यंतची नदी दादा पाण्यातून आला होता. तिथून खालची मी त्याच्या मागं काठानं धरली. वहिनीचा भाऊ सोबत निघाला. त्याला काहीच माहीत नव्हतं.

पहिल्या गावाच्या घाटावर पोचलो तर चिखलात बांबू उभा. टोक ओलं, बुडाला ताजी माती. मला विचारायची गरजच नव्हती. एक जण बैल धूत होता. मी त्याची गचांडी धरली.

"कधी लावला?"

"काय लावला?"

मी एक ठेवून दिली. तो खाली बसला आणि तोंड पुसत म्हणाला, "काल दुपारी. मंग काय घरी ठेवायचा होता का? तुमच्याच गावाकडून आल्ता की. तुमच्यातल्याच कोणी तरी..."

पुढचं त्याला बोलू दिलं नाही. लाथ घातली, मग ठोसा, मग अजून एक. त्याचा दात पडला. वहिनीच्या भावानं मला मागून मिठी मारून ओढलं. त्याला वाटलं, भावाच्या दुःखानं येडा झालाय. मी त्या माणसाला मारलं ते तो खरं बोलत होता म्हणून, आणि अजून बोलला असता म्हणून. लाज वाटते, पण हे असंच होतं.

पुढच्या गावाला बांबू उभा. त्याच्या पुढच्या गावाला दोन उभे. एका ठिकाणी बांबूच्या बुडाला हळद-कुंकू टाकलेलं. कुठं म्हणाले काल सांजच्याला लावला, कुठं म्हणाले आज सकाळी. म्हणजे अंतर कमी होऊन राह्यलं होतं. नदी उतरत होती, दादा प्रत्येक झाळीत अडकत होता आणि प्रत्येक गाव त्याला इमानेइतबारे पुढं लावत होतं. मी काठानं पळत होतो आणि प्रत्येक गावाला आयमायवरून शिव्या देत होतो. एका शिवेत माझ्यावर कुत्री सोडली, दुसऱ्या शिवेत दगड मारले. वहिनीचा भाऊ म्हणाला, "भाऊ, नीट विचारा ना लोकायला." मी म्हणालो, "तू चूप बस." बिचारा चूप बसला.

दुपार कलल्यावर बंधारा लागला. कोल्हापुरी बंधारा, पावसाळ्यात फळ्या काढलेल्या, नुसते दगडी खांब उभे आणि मधून पाणी उसळत चाललेलं. दोन खांबांच्या मधे एक आख्खी बाभूळ आडवी अडकली होती, तिच्यावर कडबा, पाचट, मेलेलं वासरू. वर सहा-सात माणसं बांबू घेऊन उभी. ती बाभूळ मोकळी करून राह्यली होती. मी दोनशे पावलं लांब असेन. बाभळीच्या काट्यांत मला तपकिरी पट्टे दिसले.

मी ओरडलो. पाण्याच्या आवाजात काय ऐकू जाणार! पळालो. चिखलात पडलो, उठलो, परत पळालो. ते सगळे एका सुरात जोर लावत होते, एक म्हणायचा आणि बाकीचे रेटायचे. मी बंधाऱ्यावर पाय ठेवला आणि बाभूळ सुटली. आधी वासरू गेलं. मग दादा. पाठीवर होता ह्या वेळी, पण तोंडावर पाचट होतं. माझ्या पायाखालून, दोन हातांवरून गेला. हात घातला असता तर शर्ट मुठीत आला असता. खांबाला डोकं आपटल्याचा आवाज मी ऐकला.

मग काय केलं ते मला तुकड्या-तुकड्यानं आठवतं. सगळ्यात जवळच्याचा बांबू हिसकून मी त्याच्याच पाठीत घातला. दुसऱ्याचा गळा धरला आणि त्याला कडेवरून खाली वाकवला, अर्धा पाण्यावर लोंबकळत. "जा," मी म्हणत होतो, "तू पण जा त्याच्यासंगं." तो रडून राह्यला होता. माझ्याच वयाचा असेल. मग माझ्या खांद्यावर बांबू बसला, दुसरा पाठीत, तिसरा नडगीवर. खांद्याचं हाड मोडल्याचं मला लगेच कळलं, कारण त्या हातातला गळा आपोआप सुटला. वहिनीचा भाऊ मधे पडून हात जोडत होता, "त्याचा भाऊ हाय ओ तो, सख्खा भाऊ हाय." ते ऐकून ते थांबले. एक म्हातारा म्हणाला, "आम्हाला काय माहीत बाबा. आम्ही तोंड थोडंच बघतो."



हात वहिनीच्या भावाच्या पटक्यानं गळ्यात बांधला. रात्र एका देवळाच्या ओट्यावर काढली आणि उजाडताच निघालो. पुढं नदी रुंद होते, दोन्हीकडं ऊस. झाळी नाही, खांब नाहीत, अडकायला काहीच नाही. मला वाटलं संपलं. दहा-अकराच्या सुमाराला उसातून बाहेर आलो तर पुढं गोदावरी, समुद्रासारखी, पलीकडचा काठ धूसर. तेवढ्यात काठावर उभा बांबू दिसला, आणि त्याच्या बाजूला एक नाव, आणि नावेचा दोर एका बाभळीच्या बुंध्याला. दोराच्या दुसऱ्या टोकाला दादा होता.

नावेजवळ एक नावाडी उकिडवा बसला होता. पांढरी दाढी, डोक्याला फडकं, मुसलमान. तो उठला. "कोण लागतो तुमचा?"

"भाऊ."

"छोटा का मोठा?"

"मोठा." मी बांबूकडं बोट केलं. "तू लावला का त्याला?"

"हां. सुबे से तीन बार लावला. ह्याच बांबूनं. झूट कशाला बोलू." तो शांतपणे सांगत होता. "गोदावरीला फुगारा हाय. ती आपल्या नदीचं पाणी आत घेऊन न्हाई राह्यली, वापस लोटून राह्यली. तीन बार लावला, तिन्ही बार वापस आला, इथंच, माझ्या नावेला येऊन लागला. मंग म्हणलं, ह्याचं कोणीतरी मागून येऊन राह्यलं. बांधून ठेवला."

माझा धड हात वर गेला होता. मारायला. त्यानं तो बघितला आणि जागचा हलला नाही. म्हणाला, "मारायचं तर मारा. पण पहले ह्याला वर घेऊ. मासे लागून राह्यले."

वहिनीचा भाऊ गावात माणसं बोलवायला गेला. आम्ही दोघंच राहिलो. तेव्हा मी त्या नावाड्याला सांगितलं, की आमच्या गावातून ह्याला मीच लावला. तोंड न बघता. बरगडीत बांबू खुपसून. शिव्या देऊन. आयुष्यात हे मी त्या एकाच माणसाला आपल्या तोंडानं सांगितलं. त्यानं दोर ओढून दादाला काठाला घेतलं. मग म्हणाला, "पाय तुम्ही धरा. मी खांद्याकडून घेतो."

ज्या पंचनाम्याला भिऊन बारा गावांनी माझ्या भावाला ढकललं, तो पंचनामा दीड तासात उरकला. एक हवालदार, दोन सह्या, नावाड्याचा एक अंगठा. त्याला ना कोणी ओरडलं ना परत बोलावलं. घनसावंगीच्या दवाखान्यातून कागद मिळाला आणि संध्याकाळच्या आत जीपमध्ये घालून आम्ही दादाला घरी आणलं.

असं प्रेत घरात घेत नाहीत. अंगणातच ठेवलं. लोक म्हणाले, बघू नका, चेहरा राहिलेला नाही. माय म्हणाली, माझा हाय, मी बघीन. तिनं फडकं काढलं, बघितलं, तांब्यानं पाणी घातलं, तोंड धुतलं, कान धुतले. मग शर्टाच्या फाटक्या जागेतून बरगडीला हात लागला. तिथं गोल भोक होतं, रुपयाएवढं, कडेनं काळंनिळं. तिनं बोट फिरवलं.

"हे काय?"

काका माझ्या मागं उभे होते. मी म्हणालो, "बंधाऱ्यावरच्या लोकांनी बांबू मारले माय. मी डोळ्यांनी बघितलं."

खोटं नव्हतं तसं. तिनं मान हलवली, फडकं परत टाकलं आणि म्हणाली, "उचला."

दुसऱ्या दिवशी राख सावडून येताना मी घाटाकडं बघितलं. मी रोवलेला बांबू तिथं नव्हता. पाच दिवस झाले नव्हते. मला वाटलं, पाण्यानं नेला असेल, आणि बरं वाटलं.

त्यानंतर माय सतरा वर्षं जगली. रोज सकाळी तोंड धुतलं की ओसरीवर उभी राहायची आणि बंधाऱ्याच्या गावाला शिव्या घालायची. त्यांचे हात झडोत, त्यांच्या भाकरीत किडे पडोत, त्यांच्या पोटच्यांना पाणी प्यायला मिळू नये. रोज. मी बैल सोडत असायचो, चहा पीत असायचो, दाढी करत असायचो, आणि ते सगळं माझ्या कानावर पडायचं. त्या गावाशी आमचं वैर पडलं. त्यांची सोयरीक आली तर आम्ही हाकलून दिली. आठवडी बाजारात त्यांच्या पोरांशी आमच्या पोरांनी मारामाऱ्या केल्या, एकाचा डोळा गेला. मला एका शब्दानं हे थांबवता आलं असतं. तो शब्द माझ्याच्यानं काही निघाला नाही.

दोन हजार पाच-सहाच्या भादव्यात पुन्हा मोठा पूर आला. सकाळी पोरं सांगत आली, घाटाला एक अडकलाय. गेलो तर चार जण बांबू घेऊन आधीच पाण्यात. काका काठावर खुर्ची टाकून बसलेले, आता थकलेले, पण तेच म्हणून राह्यले होते, जल्दी करा. पहिल्या पोरानं बांबू लावला आणि माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. मी पाण्यात उडी घेतली, त्याच्या हातातला बांबू ओढून काठावर भिरकावला आणि त्याला कानफटात अशी दिली की तो पाण्यातच बसला. दुसरा अंगावर आला, त्यालाही पाडला. काका ओरडले, "जबाब लागंल रे. तोंड बघू नको."

"लागू द्या," मी म्हणालो. "लागू द्या तुमच्या आयला जबाब."

प्रेताला काखेत धरून मी काठाला ओढलं आणि चिखलात उताणं केलं. विशीतलं पोरगं. ओळखीचं नव्हतं. नाकात माती. मी तिथंच गुडघ्यावर बसून धापा टाकत होतो.

माय काठी टेकत कधी आली कळलं नाही. माझ्या बाजूला बसली. पदरानं त्या पोराचं नाक पुसलं, डोळे पुसले. मग माझ्याकडं न बघता, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "त्या दिवशी असंच उताणं करून बघितलं असतंस तं?"

मी विचारलं, "तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे. तू त्याच्या मागं पळालास, आन् मी इथं घाटावर आले. आपल्याच गोठ्यातला बांबू उभा होता. चिरलेल्या टोकात तपकिरी धागा होता. मंग तू त्याला आणलास, आन् मी भोक बघितलं."

"बांबू कुठं गेला?"

"चुलीत घातला. त्याच्यावरच तुमच्या सगळ्यायच्या भाकरी केल्या."

"मंग सतरा वर्षं शिव्या त्यांना का घालत होतीस?"

ती पोराच्या केसांतला कचरा काढत होती. म्हणाली, "तुलाच घालत होते. नाव त्यांचं घेत होते. तू एकटाच उरला होतास मला."

मग तिनं पदर त्या पोराच्या तोंडावर टाकला आणि घनसावंगीहून पोलिसांची जीप येईपर्यंत त्याच्या उशाला बसून राहिली. मी पण बसलो.